अधिक महिना आणि क्लबाचं फाटक

जानेवारीत आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे दोन कॅलेंडरं लागतात. एक नेरळहून येतं. बाबा त्याची गुंडाळी करून, वर प्लॅस्टिकची पिशवी आणि तीन प्रकारच्या चिकटपट्ट्या लावून पाठवतात, त्यामुळे ते उघडायला कात्री, सुरी आणि संयम तिन्ही लागतं. दुसरं मी स्वतः बनवते. त्यात मुलांच्या सुट्ट्या, हॉस्पिटलातल्या माझ्या ड्यूट्या आणि हिरव्या पेनने कॅरव्हॅनच्या साइटच्या उघडण्या-मिटण्याच्या तारखा.

यंदा दोन्ही शेजारी शेजारी टांगली आणि लक्षात आलं की त्यांचं आपसात जमत नाहीये. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. अधिक महिना आला की पुढचे सण लांबतात, लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला गेलंय. आणि आमची साइट, जी पूर्वी नवीन वर्षाचा पहिला आठवडा उरकून मगच कुलूप लावायची, ती आता नोव्हेंबर लागतो न लागतो तोच बंद होणार. हिरव्या पेनची रेघ १ तारखेला संपते. त्यापुढे साडेचार महिने कोरे.

इकडच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या, कॅरव्हॅनबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण भारतातल्या माझ्या मैत्रिणींना अजून वाटतं की आम्ही बसमध्ये राहतो. कॅरव्हॅन म्हणजे चाकांवरची एक खोली. तिला इंजिन नसतं, ती आपल्या गाडीच्या मागे जोडून ओढायची. आत पलंग होणारी बाकडी, दोन बर्नरची शेगडी, कपाटाएवढं न्हाणीघर. बाहेरच्या बाजूला तंबूसारखी एक ओसरी लावतात, तिला ऑनिंग म्हणतात. ही खोली नेऊन उभी करायची ती साइटवर. तिथे प्रत्येकाला आखून दिलेला चौकोन, विजेचा खांब, पाण्याचा नळ, आणि मध्यभागी मोऱ्या-संडासांचा ब्लॉक. दोन खोल्यांमध्ये सहा मीटर अंतर हवं, आगीच्या भीतीने. हे सहा मीटर म्हणजे इंग्रज माणसाला हवा तेवढा शेजार, बरोब्बर मोजून.

अशा साइट चालवणारे इथे दोन मोठे क्लब आहेत. एकाची सुरुवात १९०१ साली सायकलवरून तंबू घेऊन हिंडणाऱ्यांनी केली, दुसरा १९०७ साली कॅरव्हॅनवाल्यांनी काढला. त्याही आधी, १८८५ मध्ये, गॉर्डन स्टेबल्स नावाच्या आरमारातून निवृत्त झालेल्या डॉक्टरने हौसेखातर ब्रिस्टलमध्ये दोन घोड्यांची कॅरव्हॅन बांधून घेतली आणि स्कॉटलंडपर्यंत नेली. सोबत गाडीवान, एक भलामोठा कुत्रा, एक काकाकुवा, आणि रस्ता मोकळा आहे का ते बघायला तीनचाकी सायकलवरून पुढे जाणारा नोकर. आमच्याकडे नोकराच्या जागी मोबाइल आहे आणि काकाकुव्याच्या जागी मागच्या सीटवरची दोन मुलं. आम्ही कुठल्या क्लबाचे सभासद आहोत ते राहू दे. सीझन आखडणं ही काही एकाच ठिकाणची गोष्ट नाही, आणि मला इथे तक्रार अर्ज लिहायचा नाही.

१९०७ हे साल मात्र माझ्या डोक्यात पक्कं बसलंय, कारण आमची नेरळ-माथेरान गाडी त्याच वर्षी सुरू झाली. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ मध्ये कामाला हात घातला आणि तीन वर्षांत दोन फूट रुंदीचा रूळ डोंगरावर चढवला. त्या रुळाच्या खालच्या टोकाला माझं लहानपण गेलं. त्यामुळे सीझन म्हणजे काय, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. जूनच्या मध्याला मिनी ट्रेन बंद व्हायची. बाबा वरच्या एका लॉजवर होते. मॅनेजर म्हणा, हिशेबनीस म्हणा, कधी वेटर म्हणा. पावसाच्या आधीच्या आठवड्यात गाद्यांना ऊन दाखवायचं, डांबराच्या गोळ्या घालून त्या गुंडाळायच्या, पश्चिमेकडच्या व्हरांड्याला झापं बांधायची, आरशांना जुनी वर्तमानपत्रं चिकटवायची. मग बाबा खाली यायचे, अंगाला त्या गोळ्यांचा वास घेऊन, आणि म्हणायचे, "सीझन उतरला." तो दिवस आम्हा भावंडांना दिवाळीपेक्षा मोठा वाटायचा. पुढचे चार महिने बाबा घरात असायचे. पगार नसायचा, हे पुष्कळ उशिरा कळलं. आमचं दीड एकर भात होतं, त्याच्यावर ते चार महिने निघायचे.

म्हणून साइट बंद होते याचं मला आश्चर्य वाटत नाही. बंद होण्याच्या तारखेचं वाटतं.

आमची साइट यॉर्कशायर डेल्समध्ये आहे, हॉझ गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर. लीड्सहून पासष्ट-सत्तर मैल. स्किप्टन, सेटल, मग इंगलटनला उजवीकडे वळायचं आणि रिबलहेडचा २४ कमानींचा रेल्वेपूल डावीकडे ठेवत माळ चढून उतरायचं. कॅरव्हॅन मागे असली की अशा रस्त्यावर ताशी पन्नास मैलांची मर्यादा, त्यामुळे मागे दहा-बारा गाड्यांची वरात तयार होते आणि माझा नवरा प्रत्येक मोकळ्या जागी बाजूला घेऊन त्यांना हात दाखवतो. हा सांगलीचा. उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकून ज्याची अर्धी जवानी गेली, त्याला आता ट्रॅक्टर होण्यात एक सूक्ष्म आनंद मिळतो असा माझा संशय आहे.

आमची कॅरव्हॅन २०२२ च्या वसंतातली, म्हणजे आम्ही घेतली तेव्हाची. ती स्वतः मुलीहून मोठी आहे. आधी घेता आली नाही, कारण १९९७ नंतर लायसन्स काढलेल्यांना जड कॅरव्हॅन ओढायला वेगळी परीक्षा होती. ती अट १६ डिसेंबर २०२१ ला गेली, आणि आम्ही मार्चमध्ये एका निवृत्त जोडप्याकडून ही खोली विकत घेतली. त्यांनी सोबत एक वही दिली. प्रत्येक मुक्कामाची तारीख, हवा आणि त्या दिवशी काय मोडलं, हे निळ्या शाईत. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, "थंडीत लाल सिलिंडर." अर्थ पहिल्याच नोव्हेंबरात कळला. निळ्या सिलिंडरात ब्युटेन असतो, शून्याच्या आसपास तो बाहेर यायचंच नाकारतो. लालमधला प्रोपेन गोठणबिंदूच्या खूप खालीही मुकाट्याने जळतो. चहा न मिळालेल्या सकाळी हे रसायनशास्त्र चांगलं लक्षात राहतं.

नोव्हेंबरात आम्ही तिथे का जायचो? सरळ सांगायचं तर उन्हाळ्यात जागा मिळत नाही म्हणून. ऑगस्टचे शनिवार-रविवार ज्यांना वर्ष वर्ष आधी ठरवता येतात, त्यांचे असतात. माझी ड्यूटीची यादी सहा आठवडे आधी लागते. मग उरतं ते कडेचं: मार्चचा शेवट, ऑक्टोबरचा शेवट, नोव्हेंबर. पहिली दोन वर्षं मी हे नशिबाला लावून घेतलं. नंतर कळलं की या कडेच्या दिवसांना स्वतःची अशी वस्ती असते, आणि ती माणसं उन्हाळ्यात दिसत नाहीत. रजा न मिळालेले, गर्दी सोसवत नाही असे, नुकतंच कुणी गेलेलं म्हणून घरात बसवत नाही असे. एक गृहस्थ यायचे, फक्त तारे बघायला. आणि कुत्रेवाले. त्यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

२०२३ सालीही अधिक महिना होता, श्रावणाचा, आणि दिवाळी अशीच लांबली होती. धनत्रयोदशी १० नोव्हेंबर, शुक्रवार. नरकचतुर्दशीचं स्नान आणि लक्ष्मीपूजन दोन्ही रविवारी १२ ला. मध्ये शनिवार रिकामा. तेव्हा साइट जानेवारीपर्यंत उघडी असायची. आम्ही शुक्रवारी संध्याकाळी पोचलो. साठेक चौकोनांपैकी नऊ भरलेले. शेजारच्या चौकोनात सत्तरीतलं एक जोडपं, बार्न्सलीकडचं, आणि त्यांचा टेरियर कुत्रा.

आम्ही ऑनिंगच्या दांडीला आकाशकंदील लावत होतो. ते काका सहा मीटर ओलांडून आले, घुटमळले, टोपी काढली, परत घातली. मग म्हणाले, "विचारू का नको कळत नाही, पण तुमची दिवाळी आहे ना?"

आहे म्हटलं.

"मग ते… आवाजाचं काही?"

उलगडा झाला. ५ नोव्हेंबरला इथे बॉनफायर नाइट असते आणि त्याच्या आगेमागे पंधरा दिवस गावोगाव फटाके उडत राहतात. त्यांचा कुत्रा त्या आवाजाने बाथटबखाली जाऊन बसतो, दोन दोन दिवस खात नाही. म्हणून दर वर्षी ही दोघं त्याला घेऊन डेल्समध्ये पळून येतात, कारण साइटवर फटाक्यांना बंदी. साइटवरच्या नऊपैकी चार कुटुंबं याच कामासाठी आली होती. आणि त्यांच्या शेजारी येऊन कोण उतरलं, तर दिवाळीवाले!

मी म्हटलं, फुलबाजीसुद्धा आणलेली नाही. काकांचा चेहरा असा सैल झाला की मला हसू आवरेना. अर्ध्या तासाने काकू चीजचा एक तुकडा घेऊन आल्या, हॉझच्याच कारखान्यातलं वेन्स्लीडेल. मी फराळाची ताटली दिली. बेसनाच्या लाडवावरचा बेदाणा बघून काकूंनी आधी कुत्र्याला मागे ओढलं. बेदाणे कुत्र्यांना विषासारखे, हे मला तेव्हा कळलं. मुलीने सगळ्या लाडवांवरचे बेदाणे काढून स्वतः खाल्ले आणि सुरक्षेचा प्रश्न मिटवला. कुत्र्याला चकली मिळाली. कुरकुरीत चकली खाताना तो जो आवाज करत होता, तेवढाच त्या दिवाळीतला आवाज.

रांगोळीची पंचाईत झाली. चौकोन खडीचा, त्यावर रेघ उमटणार कशी? मग कॅरव्हॅनच्या दाराशी ठेवायची प्लॅस्टिकची पायरी उलटी करून तिच्यावर मुलीने खडूने चार ठिपके जोडले. पणती एकच खरी, बाकी बॅटरीच्या. ऑनिंगमध्ये ज्योत लावायची नाही, हा नियम मी स्वतःहून पाळते, कापड कसं पेटतं ते नेरळच्या बाजारात एकदा पाहिलंय. खरी पणती बाहेर विटेवर ठेवली. वारा तिला विझवायचा, मुलगा लावायचा. चार-पाच वेळा झालं असेल.

आणि मग वीज गेली. विजेच्या खांबावरून प्रत्येकाला १६ अँपिअर मिळतात, म्हणजे साधारण ३,६०० वॉट. हीटर दोन हजाराचा, किटली दोन हजाराची. नवरा गणिताचा मास्तर होऊ शकला असता, पण चहा हवा असला की त्याची बेरीज जाते. पायजम्यावर जॅकेट चढवून, दातात टॉर्च धरून तो खांबापाशी बटण वर करायला गेला आणि तिथूनच ओरडला, "बाहेर या सगळे! पटकन!"

ढग फाटले होते. मी डोंगरपायथ्याची मुलगी आहे, तारे पाहिलेली आहे, पण असं काळं आकाश नेरळला माझ्या आजीच्या वेळी असेल तर असेल. डेल्सच्या या भागाला डिसेंबर २०२० मध्ये राखीव अंधार-आकाशाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळालाय. रस्त्यावरचे, घरावरचे दिवे खाली वाकवून, मंद करून तो राखतात. त्यात अमावास्या एका रात्रीवर आलेली. पूर्वेला कृत्तिकांचा झुबका वर आला होता, त्याच्याखाली रोहिणीचा तांबूस डोळा. बाबांच्या कॅलेंडरातली नावं मुलांना पहिल्यांदाच खरी दिसत होती. शेजारचे काका-काकूही बाहेर आले. कुणीच काही बोललं नाही. वीस मिनिटांनी ढग परत मिटले आणि नवऱ्याला आठवलं की बटण अजून वर केलेलं नाही.

अभ्यंगस्नानाचंही सांगते. सूर्योदयाआधी आंघोळ करायची तर नोव्हेंबरात इथे साडेसहाचा गजर पुरतो, सूर्यच साडेसातच्या सुमारास उगवतो. या बाबतीत यॉर्कशायर पुण्यापेक्षा फार सोयीचं. चौघं जण बाथरोबमध्ये, हातात तेलाची वाटी, उटणं आणि मोती साबण, टॉर्चच्या उजेडात ब्लॉककडे चाललेलो. कारीट कुठून आणणार? कुंपणाशी पडलेली रानटी सफरचंदं होती, जेमतेम सुपारीएवढी, ती डाव्या पायाखाली फोडली. ब्लॉक आत उबदार. साइट सांभाळणाऱ्या वॉर्डनबाई फरशी पुसत होत्या. त्यांनी आधी आमच्याकडे, मग उटण्याच्या वाटीकडे पाहिलं आणि विचारलं, "माती आहे का, लव्ह?" मी म्हटलं, चंदन वगैरे आहे, आणि फरशी मीच पुसून देईन. त्या म्हणाल्या, वास छान आहे, राहू दे. सोमवारी डेबी नावाचं वादळ यायचं होतं, त्यामुळे दुपारच्या आत ऑनिंग उतरवून आम्ही निघालो आणि लक्ष्मीपूजन घरी लीड्समध्ये केलं.

तर ही दिवाळी. यंदा तेवढीच उशिरा येणारी दिवाळी फाटकाच्या पलीकडे पडली आहे.

आता क्लबाची बाजू. ती मला कळते, आणि न कळल्यासारखं करणं बरोबर नाही. वर सांगितलेला तो हीटर घ्या. दिवसरात्र मिळून सरासरी एक किलोवॉट चालला तर २४ युनिट होतात. युनिटला २५ पेन्स धरले तरी सहा पौंड. पुष्कळ साइटवर वीज भाड्यातच धरलेली असते, म्हणजे नोव्हेंबरातलं आमचं स्वस्त भाडं आधी आमच्याच हीटरने खाल्लं. काही ठिकाणी आता मीटर बसवायला लागलेत ते यामुळेच. त्याशिवाय साठ चौकोनांसाठी बांधलेला ब्लॉक नऊ कुटुंबांसाठी गरम ठेवायचा. पाइप गोठू द्यायचे नाहीत. न वापरलेल्या शॉवरमधून ठरावीक दिवसांनी गरम पाणी सोडायचं, नाहीतर लीजनेला नावाचा जंतू धरतो. काही गावांत नियोजन खात्याची परवानगीच वर्षातल्या ठरावीक महिन्यांपुरती असते, लोकांनी साइटवर कायमचं घर करू नये म्हणून. आणि माणसांचा पगार. प्रौढ कामगाराचं किमान वेतन एप्रिल २०२२ ला तासाला साडेनऊ पौंड होतं, एप्रिल २०२५ ला १२.२१ झालं. त्याच महिन्यात मालकाने भरायचा राष्ट्रीय विम्याचा हप्ता १५ टक्के झाला, आणि तो ज्या वार्षिक पगारापासून सुरू होतो ती पायरी ९,१०० वरून ५,००० पौंडांवर आणली. ही पायरी खाली आणणं अर्धवेळ आणि हंगामी नोकऱ्यांना सगळ्यांत जास्त लागतं. म्हणजे नेमकं इथेच.

हे सगळं मी सप्टेंबरात बाबांना समजावून सांगत होते. ते गेल्या वर्षी दोन महिने आले होते. साइटच्या कचेरीच्या काचेवर पुढच्या वर्षीच्या तारखा लागल्या होत्या, आणि मी तिथेच उभी राहून आमच्या दिवाळीचं रडगाणं गात होते. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा वर सरकवला.

"ते झालं तुमचं. या दोघांचा पगार किती महिन्यांचा?"

"कुणा दोघांचा?"

"अगं, फरशी पुसते ती बाई. आणि गवत कापतो तो."

मी कधी विचारलं नव्हतं. तीन वर्षं आम्ही एकमेकांना हवेबद्दल इतकं बोललो होतो की त्यापलीकडे काही असेल हे डोक्यात आलं नव्हतं. बाबांनी विचारलं. त्यांचं इंग्रजी लॉजचं आहे, त्यात 'रूम', 'सीझन', 'फुल', 'एम्प्टी' आणि 'हाऊ मेनी मन्थ्स' एवढे शब्द एकदम पक्के. एवढ्यावर त्यांनी वॉर्डन जोडप्याशी पाऊण तास गप्पा मारल्या. अडलं तिथे माझी मुलगी दुभाषी.

अशा साइट बहुतेक नवरा-बायकोच सांभाळतात. सीझनपुरता करार, आणि राहायला साइटवरच स्वतःची कॅरव्हॅन. हे दोघं आधी बस चालवणं आणि शाळेतलं स्वयंपाकघर अशा नोकऱ्यांत होते. घर विकून त्यांनी हे धरलं. पूर्वी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात साइट बंद झाली की ते स्पेनला जायचे, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात परत. अडीच महिने. तिकडे ऊन, स्वस्ताई, ओळखीचे इतर वॉर्डन. आता बंद होणार नोव्हेंबरच्या सुरुवातीला. मधले दिवस बाबांनी बोटांच्या पेरांवर मोजले, एकशे अडतीसच्या आसपास आले. आणि ब्रेक्झिटनंतर ब्रिटिश माणसाला युरोपात १८० दिवसांत फक्त ९० राहता येतं.

"उरलेले अठ्ठेचाळीस दिवस कुठे?" बाबांनी विचारलं.

वॉर्डनकाकांनी खांदे उडवले. मुलीच्या घरासमोरच्या रस्त्यावर कॅरव्हॅन उभी करता येते का बघू, म्हणाले. शेजारी तक्रार करतात. नाहीतर एखादी वर्षभर चालणारी साइट, पण तिथे पैसे भरून राहायचं, तेही पगार नसताना. मग त्यांनी विषय बदलला आणि बाबांना गवत कापायचं यंत्र दाखवायला घेऊन गेले. बाबा त्या यंत्रावर बसूनही आले.

परतताना गाडीत बाबा गप्प होते. रिबलहेडचा पूल आला तेव्हा म्हणाले, "आपल्याला खाली नेरळ होतं."

मी यानंतर काही दिवस दिवाळीचा विषय काढला नाही. पण नंतर असंही वाटत राहिलं की ही दोन दुःखं एकमेकांच्या विरुद्ध नाहीतच. कडेचे दिवस कापले की कडेचीच माणसं कापली जातात, मग ती चौकोन भाड्याने घेणारी असोत की फरशी पुसणारी. ऑगस्टच्या माणसाला यातलं काही जाणवत नाही. त्याला फाटक उघडंच दिसतं. अंधार-आकाशाचंच पाहा ना. त्या भागात जूनमध्ये नीट रात्रच होत नाही, मध्यरात्रीही उत्तरेला उजेडाची कड राहते. ज्या अंधारासाठी त्या मुलखाला मान मिळाला, तो अंधार पडतो तेव्हा तारेवाल्या गृहस्थांना उतरायला साइट नाही.

गंमत म्हणजे माथेरानला उलटं झालंय. पावसाळा हाच आता तिकडचा सीझन. जुलैच्या शनिवारी दस्तुरी नाक्यावर गाड्यांची रांग लागते, पोरं धबधब्याखाली भिजायला येतात, लॉज भरलेले. नेरळहून अमन लॉज स्टेशनापर्यंतची मिनी ट्रेन अजून पावसात थांबते, तेवढीच जुन्या वेळापत्रकाची आठवण. बाबांच्या जागी जो मुलगा आहे त्याला बारा महिने पगार मिळतो. त्याला बारा महिने सुट्टी मिळत नाही, असंही बाबाच सांगतात. झापं बांधणारी माणसं आता उरली नाहीत म्हणे. व्हरांड्याला काचा बसवल्यात.

परवा शेवटी मी हिरवं पेन बाजूला ठेवलं आणि शेतकऱ्यांची यादी काढली. कॅरव्हॅन साइटबद्दलच्या १९६० च्या कायद्यात एक सोय आहे. मान्यताप्राप्त क्लबाने दाखला दिला तर शेतकरी आपल्या एखाद्या तुकड्यावर पाच कॅरव्हॅन उभ्या करू देऊ शकतो, सभासदांपुरत्या, वेगळ्या परवान्याच्या भानगडीशिवाय. यांतले काही वर्षभर उघडे असतात, कारण बंद करायला तिथे काही नसतंच. एक नळ, आपल्या संडासाची टाकी ओतायला एक जागा, नशीब असेल तर विजेचा खांब. ब्लॉक नाही, वॉर्डन नाही, उबदार फरशी नाही.

हॉझपासून थोडं पुढे असा एक तुकडा सापडला. फोन शेतकरीणबाईंनी उचलला. मागे मेंढ्यांचा आवाज येत होता.

"नोव्हेंबरची सात-आठ तारीख? उघडं आहे की. चिखल असेल."

चालेल म्हटलं.

"पाच जणांची जागा आहे, आत्तापर्यंत एकच नाव आलंय. कुत्रेवाले आहेत, बार्न्सलीकडचे. कुत्र्यांचं तुम्हाला चालतं ना?"

मी एक क्षण थांबले, आणि मग चालतं म्हटलं. फटाके नाहीत, हेही न विचारता सांगून टाकलं. त्यांनी डायरीत नाव लिहून घेतलं, एक एक अक्षर विचारत, दोनदा चुकत.

फोन ठेवल्यावर नवरा कागद घेऊन बसला. आमचं पाण्याचं पिंप चाळीस लिटरचं. नळापासून ते लोळवत आणायचं. चौघांचं अभ्यंगस्नान, तेल-उटण्यासकट, म्हणजे माणशी दहा लिटर, तेही चहाला थेंब न ठेवता. शिवाय गिझरची टाकी जेमतेम दहा लिटरची, म्हणजे प्रत्येकामागे अर्धा तास पाणी तापायची वाट. सूर्योदयाआधी चौघं उरकायचे तर गजर साडेचारचा.

"बाबांना विचार," तो म्हणाला, "माथेरानला पाण्याची गाडी बंद पडली की लॉजवाले कसं भागवायचे."

मी नेरळला फोन लावला. तिकडे रात्रीचे दहा वाजले होते, बाबा जागे होते. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, तांब्या लहान घ्या. दुसरी, त्या दोघांची काही सोय झाली का, ते विचारून कळव.